माडांखालच्या रेड्यांसाठी सोलर झटका मशीन: वर्षभर वापरल्यावर

गुहागरजवळ आमची दीड एकराची वाडी, शंभरेक माड. बाबांनी लावलेले, चाळिशी ओलांडलेले, त्यामुळे खाली ऊन झिरपतं आणि गिनी गवत चांगलं येतं. त्यावर आणि पेंढ्यावर मी 4 रेडे वाढवतो, मांसासाठी विकायला. 2015 च्या कायद्याने महाराष्ट्रात बैलांची कत्तलही बंद झाली. रेड्याला दाखला घेऊन परवानगी आहे.

मोडलेल्या माडांच्या जागी 18 रोपं लावली होती. माडाला कोंभ एकच, रेड्याने तो ओढला की रोप संपलं. पहिल्याच पावसात 5 गेली, करवंदीची वई (काटेरी कुंपण) घालूनही. ती पुन्हा लावली आणि कुंपणाच्या तारेत विजेचा झटका सोडणारं, सोलरवर चालणारं मशीन घेतलं. मशीन, 12 व्होल्टची बॅटरी आणि पॅनेल मिळून 12,500 रुपये. तार-खांब वेगळे.

बसवायला आलेला मुलगा इन्सुलेटर थेट माडांना ठोकत होता, मी हात धरला. माडाची जखम कधी भरत नाही, तिथूनच खोड पोखरणारा सोंड्या भुंगा शिरतो. खांब रोवायला लावले. पॅनेलही त्याने वाडीतच लावलं, सावलीत! दोन दिवसांत बॅटरी उतरली. आता पॅनेल विहिरीवरच्या पंपघराच्या छपरावर आहे.

रेडे मात्र पटकन शिकले. तारेला गुळाच्या पाण्यात भिजवलेली फडकी बांधली. ओलं नाक एकदा लागलं, आणि दुसऱ्या दिवसापासून चौघेही तारेपासून हातभर लांब. वाडीचे 3 भाग करून फिरवून चारतो. शेण सगळीकडे पसरतं, ढीग साचत नाही, म्हणजे माड पोखरणाऱ्या गेंड्या भुंग्याच्या अळ्यांना घर कमी.

खरा त्रास मार्चमध्ये झाला. दुकानदाराने अर्थिंगची, म्हणजे झटक्याचा प्रवाह ओल्या जमिनीतून मशीनकडे परत आणणारी, एकच सळई दिली होती. आमच्याकडे दीड हात मातीखाली जांभा. जमीन सुकली, मशीन टकटक करत होतं, पण तारेला हात लावला तर नुसत्या मुंग्या. एक रेडा आत शिरून 2 रोपं खाऊन गेला. फोन केला तर दुकानदार म्हणाला, 'मशीन चालू आहे ना, मग झालं.' याचा मला फार राग आला. अर्थिंगचा प्रश्न त्याने विकतानाच विचारायला हवा होता.

शेवटी स्वतः 3 सळया आणल्या, कोळसा आणि मीठ घालून विहिरीच्या पाटाजवळ, कायम ओल असते तिथे, 3-3 मीटरवर ठोकल्या. त्याच संध्याकाळी झटका परत आला.

पावसात गवत तारेला टेकतं, झावळी पडून तार खाली बसते. आठवड्यातून दोनदा कोयता घेऊन फेरी मारतो. हे काम टळत नाही.

मशीनला 5 पैकी 4, दुकानाला 2. घेणार असाल तर सळया 3 मागा आणि सोबत तारेतले व्होल्ट मोजणारा टेस्टर घ्या. आमच्याकडे आकडा 4,000 व्होल्टच्या खाली गेला की रेडे तारेला जुमानत नाहीत. 16 रोपं उभी आहेत, सगळ्यांना यंदा नवी पानं आली.