मदत शोधून देणारी साइट: सर्च जेमतेम, फोनवाले मात्र एक नंबर

बरेच दिवस वापरतेय म्हणून लिहितेय. मानसिक आजार, अपंगत्व आणि घरच्यांना आधार, या तिन्हीसाठी जवळपास कोण आहे ते एका जागी सापडावं म्हणून ही साइट काढलीये आणि कल्पना चांगलीच आहे, नाहीतर माणूस गूगलवर भटकत बसतो आणि हाती लागतात जाहिराती. साडेतीन स्टार देतेय, त्यातले दोन फोनलाइनचे.

माझ्या भावाला बायपोलर आहे आणि त्याला ऐकायलाही येत नाही, खरी पंचाईत इथेच होते. साइटवर मानसिक आरोग्य वेगळं, अपंगत्व वेगळं, कुटुंब वेगळं. काउन्सेलर शोधायला गेलं तर साइन लँग्वेज येणारा हवा असा फिल्टरच नाही, आणि अपंगत्वात गेलं की तो फिल्टर आहे पण सापडतात श्रवणयंत्रवाले नि फिजिओथेरपी, मनाचं तिथे काहीच नाही. अहो, संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क करारातसुद्धा शारीरिक, मानसिक, बौद्धिक, संवेदनांचं असं सगळं एकाच वाक्यात धरलंय, मग तुम्ही कशाला कप्पे पाडताय, माणूस एकच आहे ना?

कोणाकडे जावं तेच कळत नसेल तर सुरुवातीला एक प्रश्नावली आहे. ती यांची स्वतःची नाही, डिप्रेशनची लक्षणं तपासायला डॉक्टर लोक वापरतात ती पीएचक्यू-९ च आहे, गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी, भूक कशी, लक्ष लागतं का असे नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३, म्हणजे जास्तीत जास्त २७. निकालात डिप्रेशन आहेच असं न ठोकता डॉक्टरांना भेटा म्हणतात, ते बरोबर आहे, कारण ही नुसती चाळणी, निदान नव्हे. (बायपोलरमधला मेनिया, म्हणजे मूड एकदम वर चढण्याचा काळ, यात पकडला जात नाही बरं का, स्कोअर कमी आला म्हणून निवांत बसू नका.) पण नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे आणि तिथे टिक केलं तरी सबमिट दाबेपर्यंत हेल्पलाइनचा नंबर दिसत नाही! तो त्याच क्षणी वर यायला हवा, एवढी अक्कल पाहिजे होती.

यादीत मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे प्रत्येक नावाखाली बारीक राखाडी अक्षरात 'माहिती तपासली' अशी तारीख असते, ती जुनी दिसली की मी सरळ पुढे जाते. वेटिंगच्या रकान्यात मात्र बहुतेक ठिकाणी 'संपर्क करा' एवढंच. अंतर हवाई मोजतात, मधे नदी असली तरी दोन किलोमीटरच.

आता फोनलाइन. मी वैतागून लावला होता, पलीकडच्या बाईंनी आधी विचारलं, तो आत्ता सुरक्षित आहे का, सोबत कोण आहे, आणि मग विचारलं, तुमची झोप होतेय का? हे मला कोणी विचारलंच नव्हतं हो. मग त्यांनीच एका सेंटरला फोन करून नवीन पेशंट घेतायत का, लिहून बोलायची सोय आहे का ते विचारून घेतलं आणि मला परत फोन केला. साइटवर कितीही खाली गेले असते तरी हे सापडलं नसतं. अमेरिकेत अशीच जवळची मदत शोधून देणारा २११ नंबर आहे, १९९७ मध्ये अटलांटात सुरू झालेला, तिथेही पलीकडे यादी माहीत असलेला माणूसच बसतो, तर यांनी तो फोन नंबर पहिल्या पानावर मोठा टाकावा की, सध्या 'आमच्याविषयी' मध्ये लपवलाय.

कुटुंब विभाग सगळ्यात कच्चा. रेस्पाइट केअर, म्हणजे काही तास कोणीतरी पेशंटजवळ थांबतं आणि सांभाळणाऱ्याला मोकळं होता येतं, ती 'इतर' मध्ये ढकललीये, आणि घरच्यांना आधी हवी असते तीच. सपोर्ट ग्रुपच्या फॉर्मवर नात्याचे पर्याय आई, वडील, जोडीदार, मुलगा-मुलगी, इतर. भाऊ-बहीण नाहीच. आईवडील थकले की सगळं कोणावर येतं असं वाटतं यांना? मेल केलाय, उत्तर आलं नाही अजून, तोवर 'इतर' टाकून फॉर्म भरलाय.