प्रवासातली कॉफी: स्टीलचा फिल्टर की एअरोप्रेस?

काही विकत घेण्याआधी एवढंच ठरवा: उकळतं पाणी मिळणार कुठे? खोलीत किटली असेल, होमस्टेच्या स्वयंपाकघरात शिरता येत असेल, की हाताशी फक्त थर्मास? निम्मी निवड तिथेच होते. रेल्वेच्या डब्यातल्या सॉकेटवर किटली लावायला मनाई आहे, तो विचार सोडूनच द्या.

माझ्याकडे स्टीलचा दाक्षिणात्य फिल्टरही आहे आणि हाताने दाबून कॉफी काढायचा एअरोप्रेसही. दोन्ही एकदम कधीच नेत नाही.

दाक्षिणात्य फिल्टर काहीशे रुपयांत येतो, बॅगेत आपटून पोचा पडला तरी कामाला येतो. वरच्या भांड्यात पावडर, त्यावर दांडीची चकती, मग उकळतं पाणी. पंधरा-वीस मिनिटांत खालच्या भांड्यात डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा अर्क, उतरतं, पण मी रात्रीच लावून झोपते. सकाळी दूध तापवलं की चौघांची कॉफी एकदम तयार. चिकोरीचं (भाजून दळलेल्या मुळाचं) मिश्रण घ्या, कॉफी-चिकोरी 80:20 किंवा 70:30. डिकॉक्शन दाट उतरतं आणि दुधात हरवत नाही. वरून जायफळ किसलं की आजीच्या उपासाच्या कॉफीची आठवण येते. अख्खं जायफळ खिशात मावतं, पूड मात्र नेऊ नका, वास उडून जातो.

पण हा फिल्टर धुणं म्हणजे शिक्षा. ओला गाळ बारीक भोकांत अडकतो, हॉटेलच्या बेसिनमध्ये झटकला तर बेसिन तुंबतं. शिवाय दूध तापवायला शेगडी लागतेच. दुधाची पावडर कालवून पाहिली, नाव काढू नका.

एअरोप्रेसची तऱ्हा उलटी. अमेरिकेतल्या अ‍ॅलन अ‍ॅडलर यांनी तो 2005 साली बाजारात आणला. हवेत भिरकावायची एअरोबी रिंगही त्यांचीच. प्लास्टिकची जाड नळी आणि दट्ट्या, एवढंच. पंधरा ग्रॅम कॉफी, दोनशे मिली पाणी, ढवळायचं, मिनिटभर थांबायचं, दाबायचं. मग झाकण काढून दट्ट्या आणखी पुढे ढकलला की चोथ्याची वडी सरळ कचऱ्याच्या डब्यात. नळी विसळली की संपलं. प्रवासात मला हाच गुण चवीपेक्षा मोठा वाटतो. कागदी गाळणीमुळे कॉफी स्वच्छ उतरते, त्यामुळे काळी पिणाऱ्यांनी दुसरीकडे बघूच नये.

किंमत मात्र हजारांच्या घरात, आणि एका वेळी एकच कप. चौघांसाठी करायला बसलात तर चौथ्याला मिळेपर्यंत पहिला दुसरा कप मागतो. दूध घालून पिणाऱ्याने यावर पैसे घालवू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

मोका पॉट? आचेवर ठेवून वाफेच्या दाबाने कॉफी काढणारं, इटलीच्या बियालेत्तीचं 1933 चं हे भांडं घरी झकास, पण त्याला आच हवी. अ‍ॅल्युमिनियमचं असल्याने इंडक्शनवर तापत नाही आणि लहान पॉट आपल्या शेगडीच्या जाळीवर डुगडुगतो. कॅम्पिंगचं गॅस काडतूस विमानात नेता येत नाही. फ्रेंच प्रेस म्हणजे जाळीचा दट्ट्या असलेलं काचेचं भांडं, ते बॅगेत फुटायचं, त्याबद्दल बोलायलाच नको.

ट्रेनसाठी ड्रिप बॅग. कपाच्या काठावर कॉफी पावडर भरलेली कागदी पिशवी अडकवून तीन-चार वेळा थोडं थोडं पाणी ओतायचं. ट्रेनमधला कागदी पेला मात्र इतका लहान की पिशवी कॉफीतच बुडते. स्वतःचा स्टीलचा मग न्या. थर्मास आधी उकळत्या पाण्याने विसळून घ्या, नाहीतर इगतपुरी येईपर्यंत पाणी कोमट. एसटीत यातलं काहीच जमत नाही. तिथे इन्स्टंट प्या, लाजू नका.

उंचीवर जाणार असाल तर दर तीनशे मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एक अंशाने उतरतो हे ध्यानात ठेवा. साडेतीन हजार मीटरवरच्या लेहमध्ये पाणी 88 अंशांच्या आसपासच उकळतं. हलक्या भाजणीची कॉफी तिथे आंबट, पाणचट लागते. गडद भाजलेली न्या, आणि ती थोडी बारीक दळून घ्या. चार-पाच दिवसांसाठी हातदळणी मी नेत नाही, घरूनच दळून हवाबंद पाकिटात भरते.

आणि हॉटेलच्या किटलीत आधीच्या पाहुण्याने मॅगी शिजवलेली असू शकते. पहिलं पाणी उकळून फेकून द्या.