ट्रकमधला पोर्टेबल फ्रिज: बरेच महिने वापरल्यावर वायर, बॅटरी आणि बांधणीबद्दल सविस्तर

फ्रिज कुठला घ्यायचा यावर लोक तासन्‌तास डोकं लावतात, आणि तो ट्रकात चालवायचा कशावर आणि बसवायचा कसा हे मात्र शेवटी उरलेल्या वेळात आणि उरलेल्या पैशात उरकतात. थंडी, कडक ऊन, खराब रस्ते सगळं बघून झाल्यावर माझं मत पक्कं झालंय की क्रम बरोबर उलटा पाहिजे. कंप्रेसरवाले फ्रिज आता बहुतेक सगळेच चांगलं थंड करतात. फरक पडतो तो वायरमुळे आणि बोल्टमुळे. म्हणून फ्रिजचं कौतुक थोडक्यात आटपतो आणि बाकीच्यावर जास्त लिहितो.

माझ्याकडे साधारण ४५ लिटरचा, १२ व्होल्टवर चालणारा कंप्रेसर फ्रिज आहे, ट्रकच्या हौद्यात, वर बंद कॅनॉपी (हौद्यावरचं टप). ४ डिग्रीला लावून ठेवतो, तिथेच राहतो, तक्रार नाही. स्वस्तातले थर्मोइलेक्ट्रिक कूलर असतात त्यांच्या नादी लागू नका, ते बाहेरच्या तापमानापेक्षा साधारण १५-२० डिग्रीच खाली जातात आणि बहुतेक वेळा थांबतच नाहीत, सतत करंट ओढत राहतात.

आता करंट. कंप्रेसर चालू असताना माझा फ्रिज ४५-५० वॅट घेतो, म्हणजे ४ अँपियरच्या आसपास. पण कंप्रेसर अखंड चालत नाही, थंड झालं की थांबतो, परत सुरू होतो. गार हवेत एक चतुर्थांश वेळच चालतो, आणि दुपारी बंद कॅनॉपीत हवा तापली की निम्म्याहून जास्त वेळ चालतो. मीटर लावून बघितलंय, गार दिवसात २४ तासांचे २०-२५ अँपियर-अवर (अँपियर गुणिले तास) होतात आणि कडक उन्हात तोच फ्रिज, तेवढाच भरलेला, ५० पर्यंत जातो. त्यामुळे कोणी छातीठोकपणे एकच आकडा सांगितला तर आधी विचारा की हवा कशी होती. बॅटरी घेताना उन्हातला आकडा धरा.

गाडीच्या स्वतःच्या बॅटरीवर रात्रभर फ्रिज चालवायचा नाही, याबद्दल मी अगदी ठाम आहे. ती बॅटरी स्टार्टरला काही सेकंद दणदणीत करंट द्यायला बनवलेली असते, आतल्या प्लेट पातळ असतात, हळूहळू खोलवर रिकामी होणं तिला सोसत नाही. स्थिर असताना १२.७ व्होल्ट म्हणजे फुल आणि १२.२ च्या आसपास आली म्हणजे निम्मी संपली, त्याखाली वारंवार गेली की प्लेटवर सल्फेट जमतं आणि तिची ताकद कायमची कमी होत जाते. आणि मनुष्यवस्तीपासून लांब सकाळी गाडी सुरू झाली नाही तर आतलं जेवण थंड असून काय करायचं?

म्हणून दुसरी बॅटरी. मी १०० अँपियर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट घेतली. त्याच साईजची एजीएम (लेडचीच, पण बंद प्रकारची बॅटरी) पण चालते, पण लेडच्या बॅटरीतून निम्मंच वापरावं आणि लिथियममधून ८०-९० टक्के बिनधास्त काढता येतं, शिवाय वजन १२-१३ किलो आणि एजीएम जवळपास ३० किलो. ट्रकात वजनाचं काय एवढं, असं वाटेल, पण ती बॅटरी पण घट्ट बांधायची असते आणि ३० किलो बांधणं वेगळं. लिथियमच्या दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा: शून्य डिग्रीखाली तिला चार्ज करायचं नाही, सेल खराब होतात (चांगल्या बॅटरीतलं बीएमएस, म्हणजे सेल सांभाळणारं सर्किट, चार्जिंग आपोआप बंद करतं, घेताना हे विचारून घ्या), आणि तिला बॉनेटखालच्या गरमीत ठेवायचं नाही. माझी हौद्यात, पुढच्या भिंतीला लागून आहे.

आणखी एक, लिथियमचं व्होल्टेज बघून किती उरलंय ते कळत नाही. १३.२ च्या आसपास बराच काळ तसंच राहतं आणि मग शेवटी धाडकन खाली येतं. त्यामुळे शंटवाला बॅटरी मॉनिटर लावा, जो आत किती गेलं आणि बाहेर किती आलं ते मोजतो. हा मॉनिटर नसता तर वरचे अँपियर-अवरचे आकडे मला देताच आले नसते, आणि रात्री झोपताना आता जी निश्चिंती असते ती त्याच्यामुळेच.

ही बॅटरी चार्ज करायला डीसी-डीसी चार्जर लागतो, नुसती रिले (करंटवर चालणारा स्विच) लावून दोन्ही बॅटऱ्या जोडणं आता बऱ्याच गाड्यांत नीट चालत नाही. नवीन गाड्यांचे स्मार्ट अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र) डिझेल-पेट्रोल वाचवायला व्होल्टेज मुद्दाम खाली आणतात, मग दुसरी बॅटरी कधी पूर्ण भरतच नाही. आणि उलट बाजूने, रिकामी लिथियम रिलेवरून एवढा करंट ओढू शकते की अल्टरनेटर तापतो. डीसी-डीसी चार्जर मध्ये बसून दोन्हीकडचं सांभाळतो. माझा २० अँपियरचा आहे, दोन-अडीच तास गाडी चालली की आदल्या रात्रीचा हिशोब भरून निघतो आणि वर थोडं जमा होतं. स्मार्ट अल्टरनेटर असेल तर चार्जरला इग्निशनची बारीक वायर द्यायला विसरू नका, नाहीतर गाडी चालू आहे की बंद हे त्याला व्होल्टेजवरून नीट ओळखता येत नाही.

एका जागी दोन-तीन दिवस मुक्काम असेल तर सोलर. १०० वॅटचं पॅनल दिवसभरात १०० वॅट देत नसतं, चांगल्या उन्हात दिवसाचे ३० अँपियर-अवर मिळाले तर खूश व्हावं. म्हणजे गार हवेत भागतं, कडक उन्हाळ्यात पुरत नाही. आणि पॅनलच्या कोपऱ्यावर एका फांदीची सावली पडली तरी आउटपुट धाडकन पडतं, त्यामुळे मी लांब वायरचं फोल्डिंग पॅनल घेतलं, ट्रक सावलीत आणि पॅनल उन्हात. फ्रिजला पण सावलीच हवी असते.

आता माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं, वायर. फ्रिजबरोबर जी वायर येते तिच्या टोकाला लायटर सॉकेटचा प्लग असतो. सुरुवातीला मी त्यावरच चालवून मल्टिमीटर लावून बघितलं. पुढे बॅटरीच्या टर्मिनलवर १२.५ व्होल्ट. मागे फ्रिजच्या पिनवर, कंप्रेसर चालू असताना, ११.६. जवळपास एक व्होल्ट वाटेतच गायब! फ्रिजचा कटऑफ (किती व्होल्टला फ्रिजने स्वतः बंद व्हायचं ती सेटिंग) ‘हाय’वर होता, त्याला वाटलं बॅटरी संपली, आणि तो एरर दाखवून बंद. बॅटरीत भरपूर शिल्लक असताना. ‘फ्रिज आपोआप बंद पडतो’ म्हणून लोक वैतागून परत करतात, त्यातल्या कितीतरी जणांचा फ्रिज ठणठणीत असणार आणि वायर बारीक असणार, मला तरी तसंच वाटतं.

हिशोब अवघड नाही. बॅटरीपासून हौद्यापर्यंत ६ मीटर धरा, करंटला जाऊन परत यायचं असतं म्हणून १२ मीटर. दीड स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरचा एवढ्या लांबीला रेझिस्टन्स ०.१४ ओहम होतो, ५ अँपियरला ०.७ व्होल्ट गेले. उरलेलं सॉकेट आणि जोड खातात. तीच वायर ६ स्क्वेअर एमएमची घेतली तर ०.२ व्होल्टच्या आतच राहतं. कंप्रेसर सुरू होताना क्षणभर जास्त ओढतो, तेव्हा हा फरक अजून वाढतो. वायर घेताना तांब्याचीच आहे ना बघा, तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमची पण विकतात, तिच्यावर हे आकडे लागू पडत नाहीत.

लायटर सॉकेट तर मी फ्रिजसाठी बादच केलं. ते स्प्रिंगच्या दाबावर टिकणारं कनेक्शन आहे, खडबडीत रस्त्यावर प्लग हळूहळू बाहेर सरकतो, संपर्क अर्धवट राहतो आणि तिथेच गरम होतं. हात लावून बघा एकदा, तास-दोन तास चालल्यावर प्लगचं टोक चांगलंच कोमट लागतं. शिवाय बऱ्याच गाड्यांत किल्ली काढली की सॉकेट बंद. त्याऐवजी ५० अँपियरचे अँडरसन कनेक्टर लावले, दोन्ही बाजू एकमेकांत खटकन बसतात, सुटत नाहीत आणि उलटे लागतच नाहीत.

सध्याची रचना अशी: पुढच्या बॅटरीपासून मागे डीसी-डीसी चार्जरपर्यंत १६ स्क्वेअर एमएमची वायर, कारण तिथे २०-२५ अँपियर वाहतात. चार्जर दुसऱ्या बॅटरीच्या शेजारीच. तिथून फ्रिजपर्यंत जेमतेम मीटरभर ६ ची वायर. निगेटिव्हची पण वेगळी वायर मागपर्यंत ओढली, हौद्याच्या पत्र्यावरून बॉडी अर्थ घेतला नाही, तिथे रंग, गंज आणि चिखल असतो आणि कधी संपर्क जाईल सांगता येत नाही. लांब वायरला दोन्ही टोकांना बॅटरी असल्यामुळे फ्यूज पण दोन्ही टोकांना, बॅटरीपासून जेवढा जवळ बसेल तेवढा जवळ. फ्यूज फ्रिजला नाही तर वायरला वाचवायला असतो, त्यामुळे तो वायरच्या क्षमतेवरून निवडायचा, आणि फ्यूजच्या आधीचा वायरचा तुकडा असुरक्षितच असतो म्हणून तो आखूड हवा. पत्र्यातून वायर जाते तिथे रबराचा ग्रोमेट, खालून जाते तिथे फ्लेक्सिबल पाइप, सायलेन्सरपासून लांब. लग (वायरच्या टोकाची धातूची टोपी) क्रिंप करताना, म्हणजे दाबून बसवताना, पक्कड वापरून दाबू नका, क्रिंपिंगचं टूल कोणाकडून तरी मागून आणा.

सगळं झाल्यावर कटऑफ ‘लो’वर ठेवला, कारण आता लिथियमला तिचं बीएमएस आणि मॉनिटर आहेच. गाडीच्या बॅटरीवर चालवणाऱ्यांनी मात्र ‘हाय’वरच ठेवावा.

बांधणीकडे वळतो. भरलेला फ्रिज ४० किलोच्या आसपास जातो. युरोपात माल बांधायचं ईएन १२१९५-१ नावाचं स्टँडर्ड आहे, त्यात पुढच्या दिशेला वजनाच्या ०.८ पट आणि बाजूंना व मागे ०.५ पट जोर धरून बांधायला सांगितलंय, आणि हे फक्त नेहमीच्या ब्रेक-वळणांसाठी. धडकेत तो जोर कितीतरी पट होतो. फ्रिज केबिनमध्ये मागच्या सीटच्या जागी ठेवणाऱ्यांनी तर हे फारच मनावर घ्यावं, तो तुमच्या डोक्याच्या मागे असतो.

पट्टा झाकणावरून टाकू नका. झाकण दबतं, गॅस्केट (झाकणाची रबरी कड) एका बाजूने उघडं राहतं, थंड हवा गळते, आणि दरवेळी काही काढायला पट्टा सोडावा लागतो, मग कंटाळून तो सैल ठेवला जातो. हँडलवर पण भिस्त ठेवायच्या आधी ते कसं बसवलंय बघा, बऱ्याच फ्रिजचे हँडल प्लॅस्टिकमध्ये घुसवलेल्या स्क्रूवर असतात, उचलायला ठीक, झटका सोसायला नाही. खालच्या बाजूला ब्रॅकेट येत असेल तर तेच वापरावं. चार कोपऱ्यांतून चार पट्टे, खाली आणि बाहेर तिरके, म्हणजे पुढे-मागे-बाजूला सगळीकडे धरून ठेवतात. रॅचेट पट्ट्याला एवढी ताकद असते की बॉडी चिरडू शकते, मी कॅम बकलचे वापरतो, हाताने ओढून घट्ट होतात तेवढे पुरतात. निघाल्यावर १५-२० मिनिटांनी थांबून एकदा परत ओढायचे, दरवेळी थोडे सैल झालेले असतातच. खाली जाड रबरी मॅट टाकली की अर्धं काम तीच करते.

नंतर मी स्लाइड बसवली, म्हणजे फ्रिज ओढून बाहेर आणता येतो असा सरकता ट्रे. हौदा खोल असेल तर स्लाइडशिवाय फ्रिजपर्यंत हात पोचत नाही. पण स्लाइडचं स्वतःचं वजन असतं, उंची वाढते (कॅनॉपीत झाकण पूर्ण उघडेल ना हे आधी मोजा), आणि लॉक आत आणि बाहेर दोन्हीकडे हवं, उतारावर गाडी उभी असताना भरलेला फ्रिज आपोआप आत येऊन बोटं चेंगरू शकतात. भोक पाडायच्या आधी गाडीखाली जाऊन बघा, डिझेलची टाकी, ब्रेकचे पाइप, वायरिंग कुठून गेलंय. ८ एमएमचे बोल्ट, खाली मोठी पट्टी, नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेले, सहज सैल न होणारे), आणि कापलेल्या पत्र्याला रंग.

बोल्ट घट्ट केल्यावर प्रत्येक नटवरून खालच्या पट्टीपर्यंत पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ मारली. खूप खडबडीत रस्त्यावरून आल्यावर टॉर्च घेऊन बघितलं, तर पुढच्या दोन नटांवरची रेघ पट्टीवरच्या रेघेपासून थोडी सरकलेली. हाताने हलवून काही कळत नव्हतं, रेघेने लगेच दाखवलं. आता इंधन भरायला थांबलो की नजर टाकतो. आणि स्लाइडबरोबर मागेपुढे होणाऱ्या वायरला पुरेसा सैल वळसा आणि बांधायला क्लिप द्या, नाहीतर ती स्लाइडच्या चाकाखाली सापडून सोलली जाते.

हवेबद्दल थोडं. जाळी असलेल्या बाजूला ८-१० सेंटीमीटर जागा मोकळीच हवी, तिथे झोपायच्या बॅगा कोंबल्या की कंप्रेसर थांबायचं नाव घेत नाही. धूळ जाळीत बसते, अधूनमधून ब्रशने काढायची. निघायच्या आदल्या दिवशी घरच्या करंटवर फ्रिज थंड करून, थंड सामानानेच भरला तर पहिल्या दिवशी बॅटरीवर जवळजवळ ताणच येत नाही, हा सगळ्यात फुकटातला उपाय आहे.

न आवडलेल्या गोष्टी: सोबत आलेली वायर, डिस्प्लेचा रात्री डोळ्यांवर येणारा उजेड, आणि ब्लूटूथचं अ‍ॅप जे हौद्यापासून चार पावलांवर गेलं की तुटतं.

फक्त एखाद-दुसऱ्या रात्रीसाठी जाणाऱ्यांना एवढा खटाटोप लागणार नाही. ५०० वॅट-अवरच्या आसपासचं पॉवर स्टेशन (उचलून नेता येणारी तयार बॅटरीची पेटी) गार हवेत सव्वा-दीड दिवस सहज काढतं. फक्त त्याचं १२ व्होल्टचं आउटपुट रेग्युलेटेड आणि १० अँपियरचं आहे का ते बघा, फ्रिज इन्व्हर्टरवर चालवू नका, त्यात उगाच वाया जातं. आणि त्या पॉवर स्टेशनला पण पट्टा बांधा, ते पण पाच-सहा किलोचं असतं.