नॉर्वेजियन जोडशब्द तोडायचा कुठे: नादावर की सांध्यावर?

ऑस्लोला निघालेल्या मैत्रिणीचा प्रश्न: लांब शब्द नादाप्रमाणे तोडून पाठ करू, की समासाचा विग्रह करतो तसा, दोन शब्द जुळतात त्या सांध्यावर?

मेहनत नादाच्या पद्धतीत कमी. दोन स्वरांमधल्या व्यंजनांपैकी शेवटचं पुढच्या तुकड्याला द्यायचं, झालं. सांध्यासाठी मात्र आधी दोन्ही शब्द माहीत हवेत.

अर्थाचं म्हणाल तर ‘बुस्स्टॉप’ घ्या, म्हणजे बसथांबा. मूळ शब्द ‘बुस्स’ आणि ‘स्टॉप’. जोडताना तीन ‘स’ येतात, म्हणून लिहिताना एक गळतो. नादावर तोडलं तर ‘बुस्स-टॉप’, आणि ‘टॉप’ म्हणजे शिखर! सांध्यावर तोडलं की गळालेला ‘स’ परत येतो. ओळीच्या शेवटी शब्द मोडतानाही तो लिहावाच लागतो.

आघातात तर फरक फारच मोठा. ‘लामेलोर’ एका दमात, मुख्य आघात ‘ला’वर, ‘लोर’वर दुय्यम: कोकराची तंगडी. दोन्हींवर सारखा जोर दिलात तर ‘लामे लोर’, लुळ्या मांड्या. खाटकाकडे हे फार महत्त्वाचं! नादाची पद्धत इथे काहीच सांगत नाही.

साधा, अनोळखी शब्द पहिल्यांदा वाचायला नाद पुरतो. बोलायचं, लिहायचं, नोकरी करायची असेल तर पहिल्या दिवसापासून सांधाच शोधा.