छोट्या रीफ टँकसाठी रेती: १ ते २ मिमी अरॅगोनाइट, नागपूरचा उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतर

खाऱ्या पाण्याचा, प्रवाळांचा टँक, ६० × ४० × ४० सेंमी. आत दगड, सॉफ्ट कोरल, थोडी एलपीएस (मोठ्या पॉलिपची कठीण प्रवाळं), तळाशी राहणारा एक वॉचमन गोबी मासा. तळाला कोरडी अरॅगोनाइट रेती, दाणा १ ते २ मिमी, थर अडीच सेंमी. पुन्हा घ्यायची झाली तर हीच घेईन. मात्र पाकिटावर जे छापलंय त्यासाठी नाही.

पाकिटावर मोठ्या अक्षरांत असतं, ‘पीएच स्थिर ठेवते’. यावर फार विसंबू नका. अरॅगोनाइट म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि ते विरघळायला भोवतालच्या पाण्याचा पीएच बराच खाली यावा लागतो. टँकचं पाणी ७.९ ते ८.३ च्या दरम्यान असताना दाणा नुसता पडून राहतो. कोरल वाढायला लागले की केएच (पाण्यातली कार्बोनेटची मात्रा) आठवड्याला उतरणार आणि तो डोसिंगनेच, म्हणजे मोजून द्रावण घालूनच, भरून काढावा लागणार. रेतीचा खरा फरक पडतो तो दाण्याच्या आकारात.

अर्ध्या मिलिमीटरखालची पिठूळ रेती दिसायला सगळ्यात देखणी. पण ६० सेंमीच्या टँकमध्ये १५०० ते २००० लिटर ताशी क्षमतेचा वेव्हमेकर (प्रवाह करणारा पंप) लावला, की समोरच्या कोपऱ्यात खड्डा आणि उरलेली रेती कोरलवर. काच पुसायच्या मॅग्नेटमध्ये एक दाणा अडकला तरी काचेवर ओरखडा उठू शकतो. उलट ३ ते ५ मिमीची भरड घेतली तर पेलेट आणि विष्ठा फटींतून खाली जाते, तिथेच कुजते आणि नायट्रेट उतरायचं नाव घेत नाही. १ ते २ मिमीचा दाणा अर्ध्या इंची नळीने सायफन करताना वर उचलला जातो, घुसळतो आणि परत खाली बसतो; घाण तेवढी बादलीत. आठवड्याच्या ८ लिटर पाणीबदलात एकतृतीयांश तळ साफ होतो. सगळा तळ एकदम ढवळू नका, विशेषतः थर जुना असेल तर.

किती घ्यायची? लांबी × रुंदी × जाडी: ६० × ४० × २.५ म्हणजे ६००० घन सेंमी, ६ लिटर. कोरडी रेती लिटरला साधारण १.४ किलो धरा, म्हणजे साडेआठ किलोच्या आसपास. दगड थेट काचेवर बसणार असल्याने तेवढी जागा वजा होते. ८ किलो पुरते. दुकानदार वीस किलोचं पोतं गळ्यात मारायला बघतो, कारण सुटी विकण्यात कटकट असते. १० सेंमीचा खोल थर ४० सेंमी उंचीच्या टँकमध्ये निव्वळ जागा खातो. ५ ते ७ सेंमीचा मधला थर तर सगळ्यात वाईट: धड साफ होत नाही, आणि नायट्रेट कमी करण्याइतका खोलही नाही.

‘कन्हान नदीची रेती धुवून टाकली तर?’ हा प्रश्न नागपुरात हमखास येतो. ती मुख्यतः क्वार्ट्झची. व्हिनेगरचे चार थेंब टाका: अरॅगोनाइट फसफसतं, नदीची रेती ढिम्म. क्वार्ट्झ विषारी नाही, पण नदीच्या रेतीत लोहयुक्त काळे कणही असतात. कोरड्या रेतीतून चुंबक फिरवा, दाढी उगवल्यासारखे चिकटून येतात. ते खाऱ्या पाण्यात नकोत. टाइल्सच्या दुकानातले संगमरवरी तुकडे कॅल्साइटचे. ते अरॅगोनाइटपेक्षाही कमी विरघळतात आणि फार भरड असतात. बिनबिलाचा ‘कोरल चुरा’ तर घेऊच नका. आपल्याकडची सगळी कठीण प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत आणि त्यात मेलेले सांगाडेही आले.

‘लाइव्ह’ म्हणून मिळणारं ओलं पाकीट एप्रिल-मेमध्ये मागवू नये. ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमध्ये दोन दिवस तापलेल्या पाकिटातले जीवाणू मरतात आणि उघडल्यावर नाक धरावं लागतं. कोरडी रेती, जुन्या निरोगी टँकमधली वाटीभर रेती आणि बाटलीतले जीवाणू एवढ्यावर सायकल (घाण पचवणारे जीवाणू टँकमध्ये स्थिरावणं) साधारण चार ते सहा आठवड्यांत पूर्ण होते.

धुणं: बादलीत दोन किलो घ्या, नळ सोडून हाताने ढवळा, दुधाळ पाणी ओता. सात-आठ वेळा तरी. शेवटचं पाणी आरओचं. बारीक भुगा जास्त असेल तर खिडकीच्या मच्छरदाणी जाळीतून पाणी सोडत चाळा. आधी दगड काचेवर पक्के बसवा, मग भोवती रेती. उलट केलं तर गोबी दगडाखाली पोखरतो आणि दगड घसरून काचेवर आदळतो. पाणी आधीच असेल तर पीव्हीसी पाइपातून तळाशी सोडा. एक-दोन दिवस गढूळ राहणारच.

आता उन्हाळा. पारा ४५ च्या पुढे गेला की पाण्यात प्राणवायू कमी मावतो आणि रेतीतले जीवाणू जास्त खेचतात. त्यात लाइट गेली की वेव्हमेकर बंद, आणि सगळ्यात आधी तळ गुदमरतो. खूण सोपी आहे: एरवी रेतीत दडलेल्या नासारियस गोगलगायी खाणं नसतानाही बाहेर येऊन काचेवर चढतात. तेव्हा बॅटरीवरचा एअर पंप लावा. अडीच सेंमीच्या भरडसर थरात काळे डाग पडत नाहीत, पडले तर दगडांच्या बुडाशी. सडक्या अंड्याचा वास आला तर तेवढाच भाग सायफन करून काढा. पाणी थंड करायला पृष्ठभागावर लावलेला पंखा एप्रिलच्या कोरड्या हवेत छान काम करतो, पण त्याच खोलीत कूलर चालू असेल तर हवा दमट होते आणि पंख्याचा जोर ओसरतो. जुलै-ऑगस्टमध्ये तर पंखा जवळजवळ शोभेचा, चिलर लागतोच. उडालेल्या पाण्याची भरपाई आरओच्या गोड्या पाण्याने करा.

सुरुवातीच्या आठवड्यांत रेतीवर तपकिरी भुकटी चढते. ते डायटम (सूक्ष्म शैवाल), आपोआप जातात. गेले नाहीत तर रेतीला दोष देण्याआधी डीआय रेझिन (आरओनंतर उरलेले क्षार शोषणारी गाळणी) बघा. रेझिन संपलं की सिलिकेट पाण्यात निसटतं. टीडीएस शून्यच हवा. जांभळट, पदरासारखा सुटणारा थर म्हणजे सायनोबॅक्टेरिया, तिथे प्रवाह कमी पडतोय. बुडबुडे धरलेला चिकट तपकिरी शेंबूड असेल तर नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर गेलंय का ते तपासा.

एक त्रास पाकिटावर कुठेच लिहिलेला नसतो: रेतीची ढेप. बोट घातलं की दाणे सुटत नाहीत, गुळासारखा खडा निघतो. कारण बहुतेक डोसिंगचं: केएच एकदम चढवला, मॅग्नेशियम कमी, मग कार्बोनेट दाण्यांवरच जमतं. केएच ८ ते ९, कॅल्शियम ४२० आणि मॅग्नेशियम १३०० च्या आसपास ठेवा, डोस थेंबाथेंबाने जोरदार प्रवाहात द्या. जमलेली ढेप फोडत बसू नका, काढून टाका.

नासारियस चार-पाच पुरेत. सँड-सिफ्टिंग स्टारफिश एवढ्या तळावर उपाशी मरतो, घेऊ नका. गोबीसोबत पिस्तूल झिंगा ठेवायचा असेल तर एका कोपऱ्यात ३ ते ५ मिमीचे मूठभर तुकडे टाका, नुसत्या १-२ मिमीत बीळ ढासळत राहतं. रेतीत झोपणारा रॅस मासा ठेवायचा असेल तर ही रेती चालणार नाही. त्याला बारीक दाणा आणि किमान ५ सेंमी थर लागतो, आणि तो मासा या मापाच्या टँकचा नाहीच. जोरदार प्रवाहात फक्त एसपीएस (बारीक पॉलिपची कठीण प्रवाळं) ठेवणाऱ्यांनी तळ उघडाच ठेवावा.