होमवर्ड बाउंड (१९९३): तोंड न हलवता बोलणारे प्राणी

बोलक्या प्राण्यांच्या सिनेमात सगळ्यात आधी एक गोष्ट ठरवावी लागते: प्राण्यांची तोंडं हलवायची की नाही? डिस्नेच्या ‘होमवर्ड बाउंड: दि इन्क्रेडिबल जर्नी’ने सरळ ‘नाही’ म्हटलं. सिनेमा आजही बघवतो, तो मुख्यतः त्यामुळेच.

शॅडो हा म्हातारा गोल्डन रिट्रीव्हर, चान्स हा उनाड अमेरिकन बुलडॉग आणि सॅसी ही तोऱ्यात राहणारी हिमालयन मांजर. नोकरीमुळे कुटुंब काही दिवसांसाठी सॅन फ्रान्सिस्कोला जातं आणि या तिघांना ओळखीच्या बाईंच्या रँचवर ठेवतं. शॅडोला वाटतं, आपला छोटा मालक पीटर संकटात असणार. तो सिएरा नेवाडाच्या डोंगरांतून घराकडे निघतो आणि बाकीचे दोघं कुरकुरत मागोमाग. एवढीच गोष्ट, ८४ मिनिटांत उरकलेली.

खरे प्राणी, खरी जंगलं, आणि संवाद फक्त वरून ऐकू येणारे. कुत्र्याचं तोंड लांबुळकं, ओठ सैल. ‘प’ किंवा ‘म’ म्हणताना ते माणसासारखे मिटत नाहीत. त्यामुळे तोंड हलवलं की प्रेक्षक चेहरा सोडून जबड्याकडे बघत बसतो. बोलक्या डुकराच्या ‘बेब’ (१९९५) सिनेमाने यांत्रिक बाहुल्या आणि संगणक वापरून हे जमवलं, व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्करही घेतलं. पण नंतरच्या स्वस्त नकलांमध्ये डोळे एकीकडे आणि जबडा भलतीकडे. इथे ती भानगडच नाही. कुत्रा कान टवकारून बाजूला बघतो, तेवढ्यात आवाज येतो, आणि तो विचार त्याचाच आहे हे आपण मान्य करून टाकतो. या पद्धतीत सगळा भार आवाजांवर येतो. शॅडोला डॉन अमिची, सॅसीला सॅली फील्ड, चान्सला मायकल जे. फॉक्स. अमिचींचा थकलेला, शांत आवाज ही सिनेमाची खरी कमाई.

अडचण चान्सची आहे. कथाही तोच सांगतो आणि जरा शांतता झाली की विनोदही तोच टाकतो. दरीवर कॅमेरा स्थिरावला की याची बडबड सुरू. शीला बर्नफर्ड यांच्या १९६१च्या मूळ कादंबरीत प्राणी असे बोलत नाहीत. १९६३च्या डिस्नेपटातही फक्त निवेदक होता. (१९९३च्या सिनेमातल्या कुटुंबातल्या आईचं आडनाव बर्नफर्ड ठेवलंय, ते लेखिकेच्या मानासाठी असावं.) पहाडी सिंहाला (प्यूमाला) दगडाच्या सीसॉवरून नदीत उडवण्याचा प्रसंग तर थेट कार्टूनमधला. माणसांचे प्रसंगही पुठ्ठ्याचे.

साळींदराचा प्रसंग मात्र चांगला जमलाय. चान्स नको तिथे नाक खुपसतो आणि तोंडभर काटे घेऊन परततो. साळींदर काटे फेकून मारतं हा समज आपल्याकडेही आहे, तो खोटा. अंगाला अंग लागलं की काटे सुटून रुततात. अमेरिकन साळींदराच्या काट्याच्या टोकाला बारीक उलटी कुसळं असतात, म्हणून काटा आत सहज जातो आणि ओढताना मांस धरून ठेवतो. सिनेमातही ते काम शेवटी डॉक्टरच करतात. त्यात चान्सला वाटतं, आपण पुन्हा कोंडवाड्यात आलो. माणसं मदत करताहेत आणि प्राण्याला तो छळ वाटतोय, ही गंमत आवाजामुळेच पोचते.

लहान मुलं सोबत असतील तर दोन जागा लक्षात ठेवा. सॅसी नदीत वाहून धबधब्यावरून खाली जाते आणि बराच वेळ ती मेली असंच वाटत राहतं. दुसरी शेवटाजवळ, रेल्वे यार्डात: शॅडो चिखलाच्या खड्ड्यात पडतो, पाय दुखावतो आणि वर चढणं सोडून देतो. पाच-सहा वर्षांचं मूल इथे हमखास रडतं. तिघंही घरी पोचतात हे आधीच सांगून टाकलं तरी बिघडत नाही. चान्सचं इंग्रजी वेगवान आहे, विनोद नव्वदच्या दशकातल्या अमेरिकेचे, तेव्हा सबटायटल्स लावाच.

मुलांनी पुढचा भाग मागितला तर तो १९९६चा आहे. अमिची १९९३च्या डिसेंबरमध्ये वारले, त्यामुळे तिथे शॅडोला राल्फ वेट यांचा आवाज आहे. डोंगर जाऊन शहर आलंय, आणि चान्स आणखीच बोलतो.