शो ट्यून्स पियानोवर बसवताना कुठलं रेकॉर्डिंग समोर ठेवायचं?

जुन्या ब्रॉडवे नाटकांची गाणी पियानोवर बसवायचीत, नोटेशनचं पुस्तक हाताशी आहे, पण नुसतं पुस्तक बघून वाजवलं की सूर बरोबर येतात आणि गाणं काही उभं राहत नाही, म्हणून रेकॉर्डिंग लावून त्याच्या मागून जायचं ठरवलंय, अशा लोकांसाठी हे लिहितोय. कॉर्ड्स माहितीयेत, उजव्या हाताने चाल निघते, डावा हात अजून चाचपडतोय, अशी साधारण तयारी धरतो. मी स्वतः पेटीवरून पियानोकडे आलो, तेही गर्शविन आणि रिचर्ड रॉजर्स या ब्रॉडवेच्या संगीतकारांच्या गाण्यांच्या ओढीनेच, त्यामुळे हा प्रश्न मलाही पडला होता. पर्याय तीन आहेत: मूळ नाटकाचं कास्ट रेकॉर्डिंग, म्हणजे नाटकातल्याच नटांनी गायलेलं, गायक किंवा गायिका आणि साथीला फक्त पियानो असलेलं रेकॉर्डिंग, आणि यूट्यूबवरचे ते व्हिडिओ ज्यात रंगीत ठोकळे वरून खाली कीबोर्डवर पडत येतात.

व्हिडिओंचं आधी उरकून घेतो. एखाद्या अडलेल्या जागेपुरते ते खरंच कामाचे आहेत, हात कुठून कुठे उडी मारतो ते दिसतं, वेग कमी करता येतो, आणि घरच्या कार्यक्रमात एकच गाणं एकदाच वाजवायचं असेल तर त्यांनीच शिका, माझी काही हरकत नाही. पण माझा अनुभव असा की त्यात सगळं काम डोळे करतात आणि कान रिकामे बसतात, व्हिडिओ बंद केला की हातात फारसं उरत नाही. शिवाय बऱ्याच व्हिडिओंमधली लय कॉम्प्युटरने आखलेली असते, ओळ संपल्यावर गाणारा जिथे श्वास घेईल तिथे ती थांबत नाही. शो ट्यून ही नाटकात कुणीतरी कुणाला तरी म्हटलेली गोष्ट असते, ती श्वासाशिवाय वाजवली की लिफ्टमधल्या संगीतासारखी वाटायला लागते.

आता कास्ट रेकॉर्डिंग. इथे माझं मन खरंच दोन्हीकडे ओढलं जातं, कारण गाणं म्हणजे काय हे समजायचं असेल तर यासारखं दुसरं काही नाही. 'ओक्लाहोमा!' १९४३ मध्ये रंगमंचावर आलं आणि त्याच वर्षी डेक्का या रेकॉर्ड कंपनीने मूळ नटसंच, मूळ ऑर्केस्ट्रा आणि मूळ कंडक्टर जे ब्लॅकटन यांना घेऊन ७८ आरपीएमच्या सहा तबकड्यांचा संच काढला, आणि तिथून पुढे अमेरिकेत नाटक गाजलं की त्याचा कास्ट अल्बम येणार हे ठरूनच गेलं. त्यातलं 'पीपल विल से वुई आर इन लव्ह' अल्फ्रेड ड्रेक आणि जोन रॉबर्ट्सच्या आवाजात ऐका. दोघं एकमेकांना बजावतायत की असं वागू नकोस, तसं बघू नकोस, लोकांना वाटेल आपलं काहीतरी आहे, आणि हे बजावतानाच प्रेम उघडं पडतंय. हे कळलं की चाल कुठे पुढे ढकलायची आणि कुठे मागे खेचायची हे पुस्तकात न लिहिताही समजतं. लय, शब्दांवरचा जोर, गाण्याचा स्वभाव, यासाठी कास्ट रेकॉर्डिंगला तोड नाही असं मी आजही म्हणेन.

दोन अडचणी मात्र आधीच माहिती असाव्यात. पहिली म्हणजे १९४३ च्या आधीच्या नाटकांचे असे पूर्ण अल्बम जवळपास नाहीतच. गर्शविनचं 'ओ, के!' १९२६ चं, रॉजर्स आणि हार्टचं 'बेब्स इन आर्म्स' १९३७ चं, केर्न आणि हॅमरस्टाइनचं 'व्हेरी वॉर्म फॉर मे' १९३९ चं, म्हणजे आपल्याला पियानोवर सगळ्यात जास्त वाजवावीशी वाटणारी गाणी नेमकी याच काळातली. त्यांची मिळतात ती बहुतेक नंतरची स्टुडिओ रेकॉर्डिंग्ज. त्यातली काही उत्तम आहेत, जॉन मॅकग्लिन यांनी 'शो बोट' मूळ वाद्यरचनेसकट जवळजवळ सगळं रेकॉर्ड केलं, १९८८ मध्ये आलेलं, ते तर ऐकाच, पण 'मूळ' म्हणून आपण जे शोधत असतो ते हे नव्हे. दुसरी अडचण, सगळेच नट चाल गात नाहीत. 'माय फेअर लेडी' १९५६ चं, आपल्याकडे 'ती फुलराणी'मुळे गोष्ट घरोघरी माहितीये, दोन्हीचं मूळ शॉचं 'पिग्मॅलियन'. त्यात ज्युली अँड्र्यूजची गाणी ऐकून चाल सरळ उतरवता येते, पण प्रोफेसर हिगिन्स झालेले रेक्स हॅरिसन निम्म्याहून जास्त शब्द बोलतात, सुरावर बोलतात पण बोलतातच. नाटक म्हणून ते अप्रतिम आहे, फक्त 'आय हॅव ग्रोन अकस्टम्ड टू हर फेस'ची चाल त्यांच्या तोंडून शोधायला बसलात तर हाती फार थोडं लागेल, ती ऑर्केस्ट्रात शोधावी लागते.

हे सगळं मी चालवून घेतलं असतं. माझ्यापुरता निर्णय झाला तो एका वेगळ्याच कारणाने, आणि ऐकायला ते क्षुल्लक वाटेल: डाव्या हाताचा खर्ज ऐकू येत नाही.

जरा खोलात सांगतो. सी, ई, जी, ए हे चार सूर घ्या. खाली सी असेल तर हा सी सिक्स्थ झाला, खाली ए असेल तर तेच चार सूर ए मायनर सेव्हन्थ होतात. वरचं सगळं तेच, फक्त खालचा एक सूर बदलला आणि कॉर्डचा अर्थच बदलला. एक घरी येऊन टेकतो, दुसरा अजून पुढे कुठेतरी निघालेला असतो. आणि ही गाणी अशा जागांनी भरलेली असतात. आता चाळीस-पन्नासच्या दशकातल्या मोनो रेकॉर्डिंगमध्ये हा सूर डबल बेस धरून असतो, त्याच्यावर चेलो, त्याच्यावर ब्रास, त्याच्यावर गाणारा, आणि आपण हेडफोन कानात दाबून तोच अर्धा सेकंद पुन्हा पुन्हा ऐकतोय की खाली नेमकं काय आहे. वेग पाऊणपट केला तर पियानोचा सूर अजून ओळखता येतो, ऑर्केस्ट्राचा मात्र नुसता धुरकट गोळा होतो. कान तयार असलेल्या माणसाला हे जमतही असेल, पेटीवर वाढलेल्या माझ्या कानाला नाही जमत, कारण पेटीवर आपण चालीच्या मागे जातो, चालीखाली काय चाललंय याची सवयच नसते. आणि पुस्तकात बघून खात्री करावी म्हटलं तर पुस्तकातली पट्टी आणि रेकॉर्डिंगमधली पट्टी वेगळी असू शकते, वाद्यमेळही वेगळा, त्यामुळे शंका तशीच राहते. एका गाण्यात अशा पाच-सहा जागा आल्या की संध्याकाळ त्यातच जाते आणि वाजवणं राहून जातं.

गायिका आणि पियानो अशा रेकॉर्डिंगमध्ये हा प्रश्नच येत नाही, जो खर्ज आहे तो पियानोवाल्याच्या डाव्या हातातच आहे आणि तो ऐकू येतो. मी ज्यावर येऊन थांबलो ते जॅझ गायिका एला फिट्झजेराल्डचं १९५० चं 'एला सिंग्ज गर्शविन', आठ गाणी, साथीला फक्त एलिस लार्किन्सचा पियानो. लोक एलाची नंतरची मोठी साँगबुक्स, म्हणजे एकेका संगीतकाराच्या गाण्यांचे अल्बम, सुचवतात, १९५६ चं कोल पोर्टर, १९५९ चं नेल्सन रिडलच्या वाद्यमेळाबरोबरचं गर्शविन, ती ऐकायला देखणी आहेत पण शिकायला घेतली की पुन्हा ऑर्केस्ट्राच समोर येतो. १९५० च्या अल्बममधलं 'समवन टू वॉच ओव्हर मी' घ्या. लार्किन्स कुठेही गर्दी करत नाही. एला ओळ गात असते तेव्हा खाली मोजकेच सूर ठेवतो, ती श्वासाला थांबली की त्या फटीत दोन-चार सुरांची छोटीशी जागा घेतो आणि तिच्या पुढच्या शब्दाआधी बाजूला होतो. डावा हात कधी नुसता खालचा सूर, कधी खालचा सूर आणि त्याच्यापासून मोजून वरचा दहावा सूर. थांबवून थांबवून ऐकलं तर हे सगळं माझ्यासारख्याला उतरवता येतं, आणि मुख्य म्हणजे उतरवलेलं वाजवताही येतं. याच जोडीचा १९५४ चा दुसरा अल्बम आहे, त्यात 'पीपल विल से वुई आर इन लव्ह' आहे. हे गाणं आधी ड्रेक आणि रॉबर्ट्सकडून ऐका आणि मग एलाकडून, तिकडे दोघांची लुटुपुटीची नोकझोक आहे, इकडे एकटीचं निवांत मनातलं बोलणं, आणि दोन्हीखालची हार्मनी ताडून बघितली की गाण्यात काय हलवता येतं आणि काय हलवायचं नाही हे आपोआप कळायला लागतं.

या रस्त्याला उणं काय? आहे, लपवत नाही. साथीचा पियानो चाल वाजवत नाही. आपल्याकडे पेटीवाला गाणाऱ्याच्या चालीला चिकटून जातो, इथे चाल गाणाऱ्यावर सोडलेली असते, त्यामुळे एकट्याने वाजवायचं तर चाल उजव्या हाताच्या करंगळी-अनामिकेवर आपणच बसवायची आणि बाकीच्या बोटांत कॉर्डचे राहिलेले सूर घ्यायचे, हे काम रेकॉर्डिंग करून देत नाही. मला ते उलट बरं वाटलं, कारण चाल तर पुस्तकात असतेच. दुसरं, लार्किन्सची लय मऊ आहे, त्यावरूनच सगळी गाणी शिकलात तर सगळंच संथ व्हायला लागेल. त्यासाठी गर्शविनने स्वतः 'समवन टू वॉच ओव्हर मी' १९२६ मध्ये पियानोवर रेकॉर्ड केलंय ते ऐका, किती चटपटीत घेतलंय ते कळेल. १९३२ चं त्याचं साँगबुक नावाचं नोटेशनचं पुस्तक, म्हणजे आपल्याच अठरा गाण्यांचे त्याने स्वतः लिहिलेले पियानो अवतार, तेही मिळतं, पण त्यातली काही पानं हाताला जड आहेत, घाई करू नका.

जॅझ ट्रिओ हा चौथा रस्ता म्हणता येईल. शेली मॅन, पियानोवर आंद्रे प्रेव्हिन आणि लेरॉय व्हिनेगर यांनी १९५६ मध्येच 'माय फेअर लेडी'चा अख्खा जॅझ अल्बम केला आणि तो इतका गाजला की तशा अल्बमांची लाटच आली. पियानो सुरेख ऐकू येतो, पण प्रेव्हिन चाल सुरुवातीपासूनच मोडून-वाकवून घेतो, मूळ गाणं हातात बसलेलं नसेल तर काय मोडलंय तेच कळत नाही. वर्षभराने घ्या असं मी सुचवेन.

पट्टीचं एक राहिलं. गायक आपल्या गळ्याप्रमाणे पट्टी बदलतात आणि जुन्या तबकड्यांवरून घेतलेल्या रेकॉर्डिंगचा वेग थोडा इकडेतिकडे असेल तर सूर दोन स्वरांच्या मधेच कुठेतरी पडतो. डिजिटल पियानो असेल तर ट्रान्सपोज आणि ट्यूनिंग दोन्ही बदलता येतं, जुळवून घ्या, साधा पियानो असेल तर रेकॉर्डिंगची पिच सॉफ्टवेअरमध्ये हलवा. नुसतं ट्रान्सपोजचं बटण दाबून कायम सी मेजरमध्ये वाजवत राहू नका एवढंच, ही गाणी फ्लॅटच्या पट्ट्यांमध्ये हाताखाली छान बसतात, ई फ्लॅटची सवय लवकर करा.

तर तुमच्या हातात सध्या एकच संध्याकाळ असेल तर मी म्हणेन 'समवन टू वॉच ओव्हर मी' घ्या, एला आणि लार्किन्सचं. पहिल्या दिवशी उजवा हात मांडीवर ठेवा आणि फक्त खालचे सूर शोधून वाजवा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एलाला गाऊ द्या. नाटकाच्या अंगाने ज्यांना जायचंय, म्हणजे ग्रुपमध्ये गाणाऱ्यांना साथ करायचीये वगैरे, त्यांनी मात्र कास्ट रेकॉर्डिंगच धरावं, त्यांचं गणित वेगळं आहे, गाणारे तेच ऐकून आलेले असतात आणि लयही तीच मागतात.